पत्रक दाराखाली, पाटी खिडकीत

न्यू जर्सीत मी टाउनहाउसच्या असोसिएशनांचं, म्हणजे घरमालकांच्या सोसायट्यांचं, व्यवस्थापन बघते. बर्फ उचलणाऱ्यांची बिलं, गळकी छपरं, पार्किंगवरून होणारी भांडणं, हे रोजचंच. पण बोर्डाच्या निवडणुकीआधी एका सकाळी अध्यक्षबाईंची ईमेल आली आणि बाकीचं सगळं बाजूला पडलं. एका रहिवाशाने घरोघरी दाराखालून पत्रकं सरकवली होती. ‘नियमावलीत सॉलिसिटिंगला, म्हणजे दारोदार विक्री-प्रचाराला, बंदी आहे. आजच नोटीस काढ, दिवसाला 50 डॉलर दंड लाव,’ असा आदेश होता. सोबत पत्रकाचा फोटो.

पत्रक काकांचं होतं. मूळचे साताऱ्याचे, निवृत्त इंजिनिअर, यंदा बोर्डासाठी उभे. तीन घड्या घातलेला कागद, छापताना चुकलेला एक आकडा पेनाने खोडून वर नीट लिहिलेला. छपरांच्या कामाला एकच कोटेशन का घेतलं, राखीव निधी का घटला, मासिक वर्गणी का वाढली, असे सरळ प्रश्न. शेवटची ओळ मात्र वेगळी होती: ‘खजिनदारांनी कंत्राटदाराकडून पैसे खाल्ले.’ शिवाय काकांनी स्वतःच्या खिडकीत एक पाटी लावली होती आणि प्रवेशद्वाराजवळच्या सामाईक लॉनवर दोन रोवल्या होत्या.

आपल्या लोकांना वाटतं, अमेरिकेत काहीही बोलायची मुभा आहे. पण भाषणस्वातंत्र्य देणारी अमेरिकेच्या घटनेची पहिली दुरुस्ती बांधते ती सरकारला. असोसिएशन ही खासगी संस्था. घर घेताना तिचे नियम आपण सहीनिशी मान्य केलेले असतात. बऱ्याच राज्यांत विषय तिथेच संपतो. न्यू जर्सीत संपत नाही. या राज्याची स्वतःची घटना म्हणते की प्रत्येक माणूस आपलं मत बोलू, लिहू, छापू शकतो आणि गैरवापर केला तर त्याची जबाबदारी त्याच्यावर. इथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1980 साली हा हक्क खासगी जागेपर्यंत नेला. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या आवारात पत्रकं वाटणाऱ्या एका बाहेरच्या माणसाला झालेली शिक्षा तेव्हा रद्द झाली.

मी आधी असोसिएशनच्या वकिलांना फोन केला, मग अध्यक्षबाईंना. त्या वाईट बाई नाहीत. पगार न घेता रात्री अकरा-अकरापर्यंत हिशेब बघतात आणि त्या पत्रकाने त्या मनापासून दुखावल्या होत्या. मी त्यांना याच राज्यातल्या फोर्ट लीच्या खटल्याबद्दल सांगितलं. तिथल्या एका को-ऑप (सहकारी मालकीच्या) इमारतीत बोर्डाचा टीकाकार निवडणुकीला उभा राहिला. त्याला दाराखालून पत्रकं वाटायची होती, बोर्डाने नियम दाखवून अडवलं. बोर्ड स्वतः मात्र विरोधकांवर टीका करणारे कागद तसेच वाटत होतं. 2014 साली न्यायालयाने त्या रहिवाशाच्या बाजूने निकाल दिला. ‘आणि तुमचं गेल्या महिन्याचं पत्र,’ मी म्हटलं, ‘आपल्याच माणसाने दाराखालून टाकलं होतं.’ फेरीवाल्यांसाठी केलेला नियम शेजाऱ्याचं तोंड बंद करायला वापरणं मला कायद्याआधी माणुसकीलाच धरून वाटत नव्हतं. तेही मी बोलले.

खिडकीतल्या पाटीचा प्रश्न त्याहून सोपा होता. पार्सिप्पनीत टाउन काउन्सिलला उभ्या राहिलेल्या रहिवाशाने स्वतःच्या घराच्या खिडकीत प्रचाराची पाटी लावली होती. त्याच्या वसाहतीच्या नियमांत ‘विकणे आहे’ सोडून कुठल्याच पाटीला परवानगी नव्हती. 2012 साली ती सरसकट बंदी रद्द झाली.

दुपारी काका ऑफिसात आले, फाईल घेऊन. ‘नोटीस काढतेस ना? काढ, मी कोर्टात जातो.’

‘पत्रकाबद्दल नोटीस नाही, काका. खिडकीबद्दलही नाही. पण लॉनवरच्या पाट्या आज काढा.’

‘का? त्या लॉनमध्ये माझा हिस्सा नाही?’

‘आहे. तसाच इतरांचाही आहे.’ मग मी त्यांना इथून जवळच्या ट्विन रिव्हर्स या वसाहतीचा 2007 चा निकाल दाखवला. तिथे खिडकीला एक पाटी आणि घरालगतच्या फुलांच्या वाफ्यात एक, एवढीच मुभा होती. न्यायालयाने ती मर्यादा योग्य ठरवली, कारण बोलणं बंद झालेलं नव्हतं, फक्त त्याला जागा ठरवून दिली होती.

आता राहिली ती शेवटची ओळ. काका म्हणाले, ‘खरं आहे ते.’ मी पुरावा मागितला. त्यांनी फाईल उघडून कंत्राटाची प्रत पुढे केली. त्यात एकच कोटेशन होतं, बाकी काही नाही.

‘एकच कोटेशन घेतलं हे शंभरदा लिहा, मोठ्या अक्षरात लिहा. पैसे खाल्ले हा तुमचा अंदाज आहे. तो खोटा निघाला तर बदनामीचा दावा तुमच्यावर होईल, आणि त्या माणसाची मुलं याच कॉलनीत शाळेच्या बसला उभी असतात.’ काका बराच वेळ फाईलची दोरी गुंडाळत बसले. मग म्हणाले, ‘ओळ काढतो. प्रश्न ठेवतो.’

संध्याकाळच्या बैठकीत आम्ही नवा नियम मांडला. पत्रकं सकाळी 9 ते संध्याकाळी 7 वाटावीत, खाली वाटणाऱ्याचं नाव असावं, खिडकीत एक पाटी, आणि हे सगळं बोर्डालाही लागू. एका सदस्याला त्यात आणखी एक कलम हवं होतं: वाटण्याआधी मजकूर बोर्डाने तपासावा. सगळ्यात जास्त वेळ त्यावरच गेला. वकिलांनी ठाम नकार दिला, मीही दिला. ज्यांच्या कारभारावर प्रश्न आहेत त्यांनीच प्रश्न छापावेत की नाही हे ठरवायचं, तर निवडणूक घ्यायचीच कशाला? ते कलम गळालं, बाकीचा नियम मंजूर झाला.

शनिवारी काकांचं दुसरं पत्रक निघालं. खजिनदारांनी त्याला आकड्यांसकट छापील उत्तर दिलं: वादळानंतर गळती थांबवायची घाई होती, म्हणून एकच कोटेशन. काकांना ते पटलं नाही. तिसऱ्या पत्रकात त्यांनी गळतीची तारीख आणि कंत्राटाची तारीख शेजारी-शेजारी छापली.