कोरडा दाणा, ओली हवा

आमची स्पनबॉन्ड लाइन, म्हणजे वितळलेल्या प्लास्टिकचे धागे ओढून त्यांचं थेट न विणलेलं कापड करणारी यंत्रं, पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकची. तो दाणा गोणीतून थेट हॉपरमध्ये, म्हणजे यंत्रावरच्या नरसाळ्यात, ओतायचा, सुकवायची भानगड नाही. यंदा ऐन जुलैत त्याच लाइनवर पीएलए, म्हणजे मक्याच्या साखरेपासून बनणारं पॉलिलॅक्टिक ॲसिड, चालवायचं ठरलं. डाळिंबाच्या बागेवर टाकायला कुजणारं क्रॉप कव्हर, म्हणजे झाडं झाकायचं कापड, हवं होतं.

पीएलएचा वैरी पाणी. वितळवताना तापमान २२० अंशांच्या आसपास असतं, आणि तिथे थोडीशी ओलही त्याच्या लांब साखळ्या तोडते. धाग्यासाठी दाण्यात ५० पीपीएमपेक्षा कमी ओल लागते, म्हणजे किलोमागे ५० मिलिग्रॅम. त्यासाठी भाड्याने ड्रायर आणला होता. ड्रायरखालचा नमुना पास झाला. तरी दुपारी मेल्ट प्रेशर, म्हणजे वितळलेल्या मालाचा दाब, हळूहळू उतरू लागलं. स्क्रूचा वेग तोच, तापमान तेच, म्हणजे साखळ्या तुटून माल पातळ होत होता. मग डायखाली, म्हणजे धागे सोडणाऱ्या छिद्रांच्या पट्टीखाली, धागे तुटायला लागले, पट्ट्यावर थेंब पडू लागले. वरून निकाल आला, दाणाच खराब आहे, परत पाठवा.

आमचे ऑपरेटर मामा लोडरच्या, म्हणजे दाणा हवेने ओढून हॉपरमध्ये नेणाऱ्या यंत्राच्या, पाइपाजवळ उभे होते. म्हणाले, "साहेब, ड्रायर कोरडं करतोय, पण लोडर हवा कुठली ओढतोय?" लोडर शॉपमधलीच हवा ओढत होता आणि बाहेर पाऊस कोसळत होता. गरम, कोरडा दाणा त्या हवेतून हॉपरपर्यंत जायचा आणि तिथे उघड्यावर पडून राहायचा. सुकलेला पीएलए ओल फार पटकन धरतो. लोडरला ड्रायरचीच हवा दिली, हॉपर झाकून आत कोरडी हवा सोडली. जुना माल निघून गेल्यावर प्रेशर जागेवर आलं. ट्रायलच्या कागदावर पाच खात्यांच्या सह्या होत्या. मामांना आधी कोणी विचारलं नव्हतं, याचा मला अजून राग येतो.

पुढचं दुखणं आकसण्याचं. कापड दिसायला छान, पण रुमालाएवढा तुकडा उकळत्या पाण्यात टाकला की गोळा व्हायचा. पीएलएचा धागा पुरेसा ताणला नाही, तर त्याचे रेणू नीट रचून बसत नाहीत आणि कॅलेंडरच्या, म्हणजे कापड दाबणाऱ्या गरम रुळांच्या, उष्णतेत तो आखडतो. मिनिटाला साडेतीन हजार मीटरच्या पुढचा वेग लागतो. डायच्या दर छिद्रातून जाणारा माल कमी केला, खेचणाऱ्या हवेचा दाब वाढवला. मग तुकडा पाण्यात सपाट राहिला. तो हातात धरून बराच वेळ बघत होतो.

रोल पॅक होत असताना लेबलचा मसुदा आला: "वापरानंतर शेतात टाका, खत होईल." मी सही केली नाही. ज्या पाण्याने दिवसभर साखळ्या तोडून आम्हाला छळलं, त्याच पाण्याने त्या कंपोस्टमध्येही तुटाव्या लागतात. मग जिवाणू तुकडे खातात. पण ते वेगात व्हायला ५८ अंशांच्या आसपासची सततची उष्णता लागते. कंपोस्टेबल असल्याची चाचणीही तेवढ्याच तापमानात, १८० दिवसांच्या मुदतीत होते. सांगोल्याच्या बागेतल्या मातीला एवढी ऊब कुठून येणार? कापड तिथे वर्षानुवर्षं पडून राहील, आणि शेतकरी म्हणेल फसवलं.

विक्रीखात्याचं म्हणणं, एवढं कोण वाचतं. मी लिहून दिलं आहे: "फक्त औद्योगिक कंपोस्टिंगसाठी, शेतात गाडू नये." उत्तर आलेलं नाही. रोल गोदामात आहेत. मातीतच कुजणारं हवं असेल तर पीएचए, म्हणजे जिवाणूंकडून बनवून घेतलेल्या प्लास्टिककडे वळावं लागेल. तो धागा सावकाश घट्ट होतो, एकमेकांना चिकटतो. त्या ट्रायलच्या आखणीला मामांना पहिल्या बैठकीपासून बसवायचं, हे मी ठरवून टाकलं आहे.