हरणाशी कुस्ती आणि बाकीचं

मंगळवार, रात्री 11.40

भाच्याने शेवटी शपथच घातली. 'मावशी, तू निचिजो बघितलं नाहीस तर माझ्याशी बोलू नकोस.' निचिजो म्हणजे शाळकरी पोरींवरची एक जपानी विनोदी अ‍ॅनिमेशन मालिका. बारावीचं वर्ष आहे त्याचं, अभ्यास सोडून हे धंदे. पण गेलं वर्षभर तो त्यातल्या क्लिपा पाठवतोय, त्यामुळे न बघताच अर्धं तोंडपाठ झालंय. शाळेचे मुख्याध्यापक मैदानात हरणाशी कुस्ती खेळतात, ती क्लिप तर मी निदान वीसदा पाहिली असेल. आज पहिले दोन भाग लावले. हसू दोनदाच आलं, आणि तेही बेताचं.

एक मुलगी धावत निघालेली, कोपऱ्यावर एका मुलाला धडकते आणि अख्ख्या गावावर लाल स्फोट. आपली नायिका युक्को वेगळ्याच रस्त्याने शाळेत चाललीये आणि तिच्या डोक्यावर आकाशातून काय काय पडतं: लाकडी बाहुली, लाल खेळण्यातली गाय, मग अख्खा मासा. बरं, मग? असं म्हणून मी दिवा मालवला.

बुधवार

आज तिसरा-चौथा. जिथे मुख्याध्यापक सभेत शाब्दिक कोट्या करतात तिथे मी कोरडी ठाक. जपानी कोटी सबटायटलमध्ये आली की तिचा नुसता सांगाडा उरतो. मराठी कोटी इंग्रजीत सांगून बघा, समोरचा कसा सौजन्याने मान हलवतो, तशी मी मान हलवत होते. जपानीत हे खो खो हसवत असेल, शक्य आहे. भाच्याला जपानी येत नाही, मग तो कशाला हसतो कोण जाणे.

शुक्रवार

काल बघायला जमलं नाही. आज ऑफिसात गंमत झाली. डबा खाताना शेजारच्या टेबलावरच्या ताईंच्या हातून शेंगदाण्याचा लाडू निसटला. टेबलावरून घरंगळला, खुर्चीच्या दांडीवर आपटला, आम्ही चौघीजणी श्वास रोखून बघतोय. ताईंनी शेवटी जमिनीवरून उचलला, फुंकर मारली आणि खाल्ला. आणि मला एकटीला असं हसू फुटलं की थांबेचना.

कारण निचिजोमध्ये युक्कोच्या डब्यातला ऑक्टोपसच्या आकाराचा सॉसेज हातातून सुटतो. बस, एवढंच घडतं. पण तो वाचवायला तिची जी धडपड होते, ती कुणीतरी महायुद्ध रंगवावं तशी रंगवली आहे. सॉसेज हवेत गरगरतोय, तिचे डोळे विस्फारलेले. बघताना मी तितकीशी हसले नव्हते. दोन दिवसांनी, लाडू पडताना, हसले. विनोद असा उधारीवर चालतो हे मला नवीन होतं.

रविवार, सकाळ

काल एका दमात आठ भाग. धुणं तसंच पडलंय.

हरणाचा प्रसंगही आला. वीसदा पाहिलेला, पण क्लिपेत नेमकं काय कापलं होतं ते आज कळलं. वर्गाच्या खिडकीतून हे सगळं युक्को एकटीच बघतेय आणि तिला कुणाला सांगताच येत नाहीये. माझ्या लेखी मजा तिथे आहे. क्लिपेत नुसता धोबीपछाड उरतो.

मग कुतूहल म्हणून शोधलं की एवढी मेहनत घेतली कुणी. क्योटो अ‍ॅनिमेशन, 2011, एकूण 26 भाग, दिग्दर्शक तात्सुया इशिहारा. मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, केइइची अरावीची, 2006 पासूनची. पात्रांचं रेखाटन फुतोशी निशिया यांचं. 18 जुलै 2019 ला या स्टुडिओला आग लावण्यात आली, त्यात 36 माणसं गेली, त्यात निशियाही होते. हे वाचून लॅपटॉप मिटला. चहा केला. मग पुन्हा उघडला, कारण भाग मध्येच थांबला होता आणि युक्को तोंड उघडं टाकून तशीच उभी होती.

मंगळवार

नानो. या पोरीबद्दल भाच्याने कधी एक अक्षर काढलं नाही. नानो यंत्रमानव आहे, तिच्या पाठीला ही मोठी चावी, जुन्या चावीच्या खेळण्यांना असायची तशी. तिला बनवलं आठ वर्षांच्या एका चिमुरडीने, जिला सगळे प्रोफेसर म्हणतात. नानो रोज विनवते, ही चावी काढ ना. प्रोफेसर म्हणते, नाही, छान दिसते! वर हातातून रोल केक निघायची सोय करून ठेवलेली. घरात एक बोलणारं मांजरही आहे, गळ्यातल्या लाल स्कार्फमुळे बोलतं. माणसांच्या हिशेबाने आपण वयाने मोठे, तेव्हा आपल्याला मानाने हाक मारा असा त्याचा हट्ट. अहो-जाहो हवं मांजराला! कुणी मनावर घेत नाही.

साधारण निम्म्या मालिकेनंतर नानो शाळेत जायला लागते. चावी सगळ्यांना दिसतेय, आणि आपलं बिंग फुटू नये म्हणून हिची सारखी लपवाछपवी. मी नववीत चष्मा दप्तरात ठेवून शाळेत जायचे, फळ्यावरचं काही दिसायचं नाही, शेजारणीच्या वहीतून उतरवायचे. सगळ्या वर्गाला माहीत होतं, हे मला दहावीत कळलं.

शनिवार

संपलं. भाच्याने दहापैकी गुण विचारले. सात दिले. त्याचा रागाचा इमोजी आला.

खरं सांगायचं तर चार-पाच भाग सपक आहेत, काही विनोद लांबवलेले आहेत, आणि मास्तर-मास्तरीणबाईंच्या प्रेमाचा धागा मी अंगठ्याने पुढे सरकवला. इंटरनेटवर 'जगातली सर्वांत विनोदी मालिका' वगैरे म्हणतात तसलं काही नाही. आणि तसं मानून बसलं की प्रत्येक भागात हरीण शोधत बसायला होतं. हरीण 26 भागांत रोज येत नाही. मधूनमधून नुसतं आकाश येतं, विजेच्या तारा येतात, पाखरांचा आवाज. शीर्षकाचा अर्थही 'रोजचं जगणं' असाच आहे, ते तरी कुणी आधी सांगायचं.

भाच्याला विचारलं, नानोचा तुझा आवडता प्रसंग कुठला? त्याने लिहिलं, 'कोण, ती चावीवाली? मी तिचे सीन पळवतो.'

पहिला भाग परत लावलाय. लाल गाय पडेपर्यंत बघते आणि झोपते.