तिसरा स्वर

आपल्या 'म्युझिक इन्स्टिट्यूट ऑफ शिकागो' या संगीतसंस्थेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, असे निमंत्रण आले तेव्हा मी होकारासोबत एक विनंती कळवली, की मला मराठीत लिहू द्यावे. माझ्या प्रत्येक तासाला खोलीच्या कोपऱ्यातील खुर्चीवर बसून वही लिहिणाऱ्या माझ्या आईला हा मजकूर कोणी समजावून न सांगता वाचता यावा, एवढाच त्यामागचा हेतू आहे. १९३१ साली डेव्हिड आणि डोरोथी डश्किन या पतिपत्नींनी शिकागोजवळच्या विनेटका येथे ही संस्था कशी सुरू केली, हे इतर जण लिहितीलच. मला लिहायचे आहे ते दुसऱ्या एका पतिपत्नींविषयी, येथे मला व्हायोलिन शिकवणाऱ्या रोलंड आणि अल्मिता वामोस यांच्याविषयी. 'मिस्टर' आणि 'मिसेस' ही संबोधने आईच्या जिभेवर कधी रुळलीच नाहीत. त्यामुळे आमच्या घरात ते सर आणि त्या बाई, आणि येथेही मी तसेच म्हणणार आहे.

त्यांचे शिकवणे दोघांत वाटलेले असे. सरांकडे स्वरसप्तके, अभ्यासपाठ आणि दोन तारा एकाच वेळी वाजवण्याचे व्यायाम. बाईंकडे रचना आणि त्या रचनेतील प्रत्येक वाक्याचा श्वास. बाईंनी ज्यांच्याकडे शिक्षण घेतले त्यांत लुई पर्सिंगर होते, आणि पर्सिंगर म्हणजे जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक येहुदी मेनुहिन यांचे गुरू. हे कळल्यावर आईने त्या दिवशी वहीत 'बाई मेनुहिन यांच्या गुरुभगिनी' असे लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. सर ऑस्कर शुम्स्की यांच्याकडे व्हायोलिन आणि विल्यम लिंसर यांच्याकडे व्हायोला शिकले होते. ही परंपरा आमच्या घरात एखाद्या घराण्याच्या अदबीने सांगितली जात असे.

एक प्रसंग मात्र मला सविस्तर सांगायचा आहे. मी तेव्हा दहा वर्षांची होते. आठवडाभर शाळेच्या सहलीच्या गडबडीत माझा रियाज झालेला नव्हता. सरांनी तिसऱ्या स्वराच्या अंतराने, म्हणजे आपल्या भाषेत सा आणि ग एकत्र वाजवण्याची एक ओळ काढली, आणि दोन मापे ऐकताच त्यांना काय ते समजले. ते रागावले नाहीत. त्यांनी पान उलटले नाही, एवढेच. पहिल्या जोडीवर गज सावकाश ओढायचा आणि वरचे बोट केसभर खाली, केसभर वर सरकवून पाहायचे, असे किती वेळ चालले ते मला सांगता येणार नाही. माझी मान अवघडली होती आणि डोळ्यांत पाणी येऊ लागले होते. अचानक माझ्या हनुवटीखालील लाकूड घुमू लागले आणि मी वाजवत नव्हते असा एक तिसरा, पुष्कळ खालचा स्वर खोलीत उमटला. सरांनी हात वर केला, आणि त्याच क्षणी कोपऱ्यातून आई मराठीत मोठ्याने म्हणाली, "अगं, हा तर तंबोऱ्यातल्या स्वयंभू गंधारासारखा!"

सरांनी तिला काय म्हणालात, असे विचारले. आईने अडखळत्या इंग्रजीत तंबोऱ्याविषयी सांगितले, आणि उरलेला तास सर ते मन लावून ऐकत राहिले. तंबोऱ्यातील गंधार तारेच्या स्वतःच्या कंपनांतून येतो, तर हा खालचा स्वर दोन स्वरांच्या कंपनसंख्यांतील फरकातून ऐकू येतो. सा आणि ग यांचे प्रमाण शुद्ध चारास पाच असे जमले, की दोन सप्तके खाली पुन्हा सा ऐकू येतो. हा भेद मला पुढे कॉलेजात समजला, परंतु शुद्ध स्वर म्हणजे काय, हे मला त्या दुपारीच कळले होते.

त्या खालच्या स्वराच्या ओढीनेच बहुधा मी सोळाव्या वर्षी व्हायोला हाती घेतला. व्हायोलिनपेक्षा पाच स्वर खाली लावलेल्या त्या वाद्याची खर्जाची तार पहिल्यांदा छेडली तेव्हा बाई दारात उभ्या होत्या, आणि त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. १९९२ साली सतरा वर्षांच्या व्हायोलिनवादक रेचल बार्टनने लायप्झिग येथील बाख स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले, तेव्हा ती आपल्याच गुरूंची शिष्या म्हणून आम्हा सर्वांची मान ताठ झाली होती.

आज मी एका वाद्यवृंदात व्हायोला वाजवते आणि आठवड्यातून तीन दिवस मुलांना शिकवते. आपले नवे सभागृह फार सुंदर झाले आहे, परंतु विनेटका येथील त्या लहान खोल्यांत भिंतींमधून शेजारच्याचा रियाज ऐकू येई आणि त्यामुळे आपल्यालाही चूक करायला संकोच वाटे, ते आता राहिले नाही. पालकही आता वही आणत नाहीत. कॅमेरा सुरू करून ठेवतात आणि स्वतः बाहेर बसतात.

आईच्या सात वह्या माझ्याकडे आहेत. सहलीच्या त्या आठवड्याचे पान मी काल काढून पाहिले. तारखेखाली तिच्या टपोऱ्या अक्षरांत इतकेच आहे: 'आज एकच ओळ. उद्यापासून हीच. सरांना तंबोरा दाखवायचा आहे.'