१७-सीची प्रत आणि पाच केंद्रांची चिठ्ठी

मतदान यंत्रावर विश्वास ठेवावा की नाही, ही चर्चा आमच्या सातारा जिल्ह्यात पारावर आणि दूध डेअरीच्या रांगेत कायम चाललेली असते. यंत्राबरोबर जो कागद तयार होतो, म्हणजे केंद्रावरच्या मतांचा हिशेब असलेला नमुना १७-सी, त्याच्याकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष असते. २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा मतदानाला मी गावच्या मराठी शाळेतील केंद्रावर एका उमेदवाराचा मतदान प्रतिनिधी होतो आणि पुढे मतमोजणीलाही बसलो, त्यामुळे त्या कागदाचा माग मला शेवटपर्यंत ठेवता आला.

उमेदवाराची सही असलेला, नियुक्तीचा ‘नमुना १०’ हा कागद केंद्राध्यक्षांकडे दिला की आत बसता येते. मतदान सात वाजता सुरू होणार असले, तरी खरे काम उजाडण्यापूर्वीच, अभिरूप म्हणजे चाचणी मतदानाने सुरू होते. मते साठवणाऱ्या कंट्रोल युनिटवर सर्वांच्या नावापुढे शून्य असल्याचे दाखवल्यावर किमान ५० मते टाकली जातात, निकाल काढला जातो आणि व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे दिलेल्या मताची कागदी चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, पेटीतील चिठ्ठ्या त्याच्याशी मोजून जुळवल्या जातात. त्यानंतर ‘क्लिअर’ बटण दाबून यंत्र पुन्हा शून्यावर आणतात, आणि त्या चिठ्ठ्यांच्या मागे शिक्का मारून त्या काळ्या लिफाफ्यात मोहोरबंद करतात. ही पायरी मी डोळ्यांत तेल घालून पाहिली, कारण यंत्रातली किंवा पेटीतली चाचणीची मते तशीच राहिली, तर पुढचा सगळा हिशेब बिघडतो. हिरव्या कागदी सीलचे क्रमांक आणि बटणांचे बॅलट युनिट, कंट्रोल युनिट आणि व्हीव्हीपॅट या तिन्ही यंत्रांचे क्रमांक वहीत उतरवून घेतले.

दिवसभर मतदाराला व्हीव्हीपॅटच्या काचेत उमेदवाराचा अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह असलेली चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि मग ती कापली जाऊन पेटीत पडते. म्हाताऱ्या माणसांना चष्मा सावरेपर्यंत तेवढा वेळ निघून जातो, हे त्यांनीच बाहेर आल्यावर सांगितले.

माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा क्षण संध्याकाळी येतो. शेवटच्या मतदारानंतर केंद्राध्यक्ष ‘क्लोज’ बटण दाबतात आणि नमुना १७-सी भरतात: यंत्रांचे क्रमांक, नोंदवहीनुसार मतदार, यंत्रात नोंदलेली एकूण मते. या हिशेबाची खरी प्रत हजर असलेल्या प्रत्येक प्रतिनिधीला पोच घेऊन द्यावी, असे १९६१ च्या निवडणूक नियमांतील नियम ४९-एस सांगतो. पथकाला साहित्य जमा करण्याची घाई होती, बस दारात उभी होती, आणि ‘प्रत नंतर मिळेल’ असे उत्तर आले. मी नियमाचे नाव घेऊन नम्रपणे पण ठामपणे तिथेच थांबलो. प्रत हातात पडली, आकडा वहीशी ताडून पाहिला आणि मगच पोचेवर सही केली. इतर काही प्रतिनिधी तोवर घरी गेले होते, याचे मला वाईट वाटले.

२३ नोव्हेंबरला, मतमोजणीच्या दिवशी, आमच्या केंद्राचे कंट्रोल युनिट टेबलावर आले, तेव्हा माझ्याकडे ताडायला कागद होता. सील शाबूत होते, क्रमांक तोच होता आणि एकूण मतांचा आकडा १७-सीशी जुळला. यंत्रांच्या सर्व फेऱ्या संपल्यावर व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजण्यासाठी मतदारसंघातील पाच केंद्रे सोडतीची चिठ्ठी काढून निवडली गेली. जाळीच्या कक्षात त्यांच्या कागदी चिठ्ठ्या उमेदवारनिहाय खणांत लावून पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे बांधले गेले. हे काम संथ चालते, तोवर बाहेर गुलाल उधळला जात होता आणि आत बघणारे मोजकेच उरले होते. यंत्राची आणि चिठ्ठ्यांची मोजणी वेगळी निघाली, तर चिठ्ठ्यांची मोजणी ग्राह्य धरली जाते; इतके वजन असलेली ही मोजणी आहे.

आमचे केंद्र त्या पाचांत निघाले नाही. पाच हा आकडा सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये ठरवला, त्याआधी एकच केंद्र मोजले जाई. एप्रिल २०२४ च्या निकालात न्यायालयाने सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली, परंतु दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना निकालानंतर सात दिवसांत लेखी अर्ज करून आणि खर्च भरून पाच टक्के यंत्रांची तपासणी मागण्याची सोय दिली. मतदारसंघात केंद्रे कितीही असली तरी पाचच मोजायची, हे मला अपुरे वाटते. केंद्रांच्या संख्येच्या प्रमाणात हा आकडा ठरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तोवर प्रत्येक केंद्रावरच्या प्रत्येक प्रतिनिधीने १७-सीची प्रत घेतल्याशिवाय शाळेचे आवार सोडू नये. आमच्या गावातल्या तरुण प्रतिनिधींना तो नमुना कसा वाचायचा, हे आता मी शिकवतो आहे.