आमची वाटचाल : पाट्यांपासून घुमटापर्यंत

मी मूळचा कोल्हापूरचा बोर्ड पेंटर. फ्लेक्स आलं आणि आमच्या गल्लीतले निम्मे पेंटर रिक्षा चालवू लागले. मी मात्र एका मंडळाच्या देखाव्यासाठी बारा फुटी पडद्यावर आकाशगंगा मारली होती. काळा बेस, एअरब्रशनं पांढुरका धूर, वरून टूथब्रशचे शिंतोडे. ती बघून एक निवृत्त विज्ञानशिक्षक दारात आले. आत तारांगण दाखवायचा फुगवायचा घुमट घेऊन ते झेडपीच्या शाळांतून फिरायचे. म्हणाले, "पेंटर, हे हलतं करता येईल का?"

मला माऊस धरता येत नव्हता. भाच्याला बसवून ब्लेंडर हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर शिकलो, तेही फुकट मिळतं म्हणून.

पहिलं काम टायटन या शनीच्या चंद्रावरून दिसणारा शनी. मी कडी ताटासारखी ऐसपैस काढली. गुरुजींनी परत पाठवली. टायटन कड्यांच्याच पातळीत फिरतो, तिथून ती रेघेएवढी दिसणार. आणि तिथल्या दाट धुरक्यातून शनी दिसायचीच मारामार. "धुरकं काढा, ते मी तोंडानं सांगतो. पण कडी सरळ करा!" चाळीस सेकंदांचा तुकडा, सेकंदाला 30 म्हणजे 1200 फ्रेमा, एकेकीला सहा मिनिटं. पाच दिवस मशीन चालू, त्यात लाइट जायची. नव्या पोरांना सांगतो, थेट व्हिडिओ काढू नका, सुट्या फ्रेमा काढा. लाइट गेली तर एकच फ्रेम जाते. आणि निम्मे पैसे आधी घ्या, मेव्हणा असला तरी.

पुढची काही वर्षं बरी गेली.

मग ते टेंडर. एका विज्ञान केंद्राचं दालन आणि घुमटाची फिल्म. काम आपलंच समजून मी 4096 बाय 4096 पिक्सेलच्या फ्रेमा ओढणारं मशीन कर्जावर आणलं. ही चूक माझी. आमच्याच हाताखाली मास्किंग शिकलेल्या गड्यानं निम्म्या दरात काम उचललं. नासाचे फोटो फुकट असतात, ते उतरवून फ्लेक्सवर छापले. केंद्राचे साहेब मला म्हणाले, "खरा फोटो असताना चित्र कशाला?" अहो, कॅमेरा पोचलाच नाही तिथलं काय? 2017 मध्ये ट्रॅपिस्ट-1 या ताऱ्याभोवतीचे सात ग्रह जाहीर झाले, तेव्हा जगभर छापून आली ती चित्रंच होती की!

हप्ते थकले. रंग मारायची चांगली जपानी गन विकली. कंप्रेसर राहिला, कारण गिऱ्हाईक मिळालं नाही. बँकेचा माणूस येऊन चहा पिऊन जायचा, चहा आमचाच.

तेव्हा गुरुजी आले. "आपला प्लूटो खोटा ठरला, पेंटर." जुन्या तुकड्यात मी तो निळसर केला होता. न्यू होरायझन्स यान 14 जुलै 2015 ला जवळून गेलं आणि निघाला तांबूस, अंगावर बदामाच्या आकाराचा फिका पट्टा. "नवा करा," म्हणून त्यांनी टेबलावर पाकीट ठेवलं. पंधरा-पंधरा दिवसांनी पाचशे देणारा माणूस, पहिल्यांदाच पूर्ण पैसे आगाऊ. ते पाकीट तसंच बँकेत गेलं. प्लूटो मी नंतर महिनाभर रात्री जागून केला.

परवा त्या केंद्रात तिकीट काढून गेलो. फ्लेक्स उडून निळा पडलाय. चंद्रावर उभा अंतराळवीर, मागं पृथ्वी, खाली 'पृथ्वीचा उदय'. चंद्राच्या जमिनीवरून पृथ्वी उगवत नाही, जवळपास एकाच जागी लटकलेली दिसते. पृथ्वी उगवतानाचा अपोलो-8 चा 1968 चा तो गाजलेला फोटो चंद्राभोवती फिरणाऱ्या यानातून घेतलेला. काउंटरवरच्या पोराला सांगितलं. तो म्हणाला, "तक्रार वहीत लिहा, काका." पानभर लिहिलं, शेजारी आकृतीही काढली. पेन्सिल माझीच होती.