फ्यूज बॉक्समधून डॅशकॅम जोडताना

शिवमडक्याहून समृद्धी महामार्गाला लागून शिर्डीला जाणे आमच्याकडे वर्षातून दोन-तीनदा होते, म्हणून गाडीत डॅशकॅम, म्हणजे समोरचा रस्ता चित्रित करणारा कॅमेरा, बसवून घेतला. दुकानातल्या कारागिराने स्टिरिओमागची वायर सोलून तिला कॅमेऱ्याची वायर पिळली आणि वर काळी टेप गुंडाळली. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर गेला तेव्हा त्या टेपचा डिंक वितळून ती उलगडली आणि आत तांबे उघडे पडलेले मला दिसले. ते सारे काढून टाकले आणि गाडीची एकही मूळ वायर न कापता फ्यूज बॉक्समधूनच जोडणी करायची, असे ठरवले.

गाडी उभी असतानाही चित्रण व्हावे, म्हणून बारा व्होल्टचे पाच व्होल्ट करणारे तीन वायरींचे किट आणले. त्यातील एक वायर कायम सुरू असणाऱ्या फ्यूजला, दुसरी किल्ली फिरवल्यावरच सुरू होणाऱ्या फ्यूजला आणि तिसरी बॉडी अर्थला, म्हणजे गाडीच्या धातूच्या सांगाड्याला, जोडायची होती. एअरबॅग, एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि इंजिनचे फ्यूज मी विचारातच घेतले नाहीत. वीज मंडळातून निवृत्त झालेले शेजारचे काका टॉर्च धरून बसले आणि मी फ्यूजच्या माथ्यावरील दोन उघड्या ठिपक्यांना मल्टिमीटर लावत गेलो. "किल्ली काढल्याबरोबरचं रीडिंग धरू नको, गाडी लॉक करून अर्ध्या तासानं पुन्हा बघ," असे ते म्हणाले, आणि खरोखरच कायम सुरू वाटलेला एक फ्यूज तेवढ्या वेळात बंद झाला होता. शेवटी केबिनमधील दिव्याचा आणि चार्जिंग सॉकेटचा असे दोन फ्यूज निश्चित केले.

वायर फ्यूज टॅपने जोडायची होती. मूळ फ्यूजच्या खाचेत बसणारा हा जोड मूळ फ्यूज आणि नव्या वायरीचा फ्यूज असे दोन्ही धरतो. त्याची दिशा हा यातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे, असे माझे मत आहे. मूळ फ्यूज उपसल्यावर रिकाम्या खाचेच्या एकाच बाजूला १२ व्होल्ट दिसतात. टॅपमधील दोन्ही फ्यूजना सामाईक असलेला पाय त्याच बाजूला जायला हवा. तो उलटा बसला तर कॅमेऱ्याचा प्रवाहही मूळ फ्यूजमधूनच जातो आणि त्याच्यावर दोन्हींचा भार पडतो. पुढे बॅटरी जोडल्यावर टॅपमधील मूळ १० अँपिअरचा फ्यूज काढून पाहिला. कॅमेऱ्यासाठीच्या २ अँपिअरच्या फ्यूजमागची वायर तरीही जिवंत होती, म्हणजे दिशा बरोबर होती.

मोजमाप झाल्यावर बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवून काही मिनिटे थांबलो, कारण काचेलगतच्या खांबात पडदा-एअरबॅग असते. खांबावरील आवरण काढून वायर एअरबॅगच्या मागून नेली. ती पुढून गेली तर एअरबॅग उघडताना वाटेत येते.

एवढे होऊनही कॅमेरा सुरू होऊन पुन्हा पुन्हा बंद पडत होता. दोष अर्थमध्ये निघाला. ज्या बोल्टखाली मी अर्थच्या वायरीची रिंग कसली होती, त्याच्याभोवती रंगाचा जाड थर होता. तेवढीच जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केली आणि रिंग पुन्हा कसली, तेव्हा कॅमेरा स्थिर झाला.

बॅटरी वाचवण्यासाठी किटमध्ये कटऑफची सोय आहे, म्हणजे व्होल्टेज ठरावीक आकड्याखाली गेले की कॅमेरा बंद होतो. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी विश्रांतीत साधारण १२.६ व्होल्ट दाखवते आणि १२.२ ला ती निम्म्यावर आलेली असते, म्हणून मी ११.८ चा पर्याय सोडून १२.२ निवडला. नागपूरच्या उन्हात बॅटरी तशीही लवकर थकते, तिला रोज तळापर्यंत उपसणे मला पटत नाही. उभ्या गाडीत कॅमेरा पाव अँपिअर घेताना मोजला. दहा तासांत अडीच अँपिअर-तास, आणि माझी बॅटरी ३५ अँपिअर-तासांची आहे. पहिल्या रात्रीनंतर सकाळी सहाला बोनेट उघडून मीटर लावला, तेव्हा १२.४ दिसले. काकांनी दोन्ही टॅपच्या जागा एका कागदावर लिहून तो फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आत चिकटवला.