बंदर श्री भगवान: आईसोबत ब्रुनेईत पाच दिवस

सिंगापूरच्या चांगी विमानतळावरच्या फलकाकडे बघून आईने चष्मा वर सरकवला. "बंदर सेरी बेगावान... म्हणजे श्री भगवान? असलं गावाचं नाव असतंय होय?"

मी हसले खरी, पण तिचं बरोबर होतं. बंदर हा मूळचा फारसी शब्द, मलय भाषेत तो शहर या अर्थाने रुळला. सेरी म्हणजे आपलं श्री आणि बेगावान म्हणजे भगवान. उमर अली सैफुद्दीन तिसरे या ब्रुनेईच्या सुलतानांनी १९६७ मध्ये मुलासाठी गादी सोडली आणि 'सेरी बेगावान' ही पदवी घेतली. १९७० मध्ये ब्रुनेई टाउन या राजधानीला त्यांचंच नाव दिलं गेलं. पुढचे पाच दिवस आईचा हाच खेळ चालू होता. मंत्री तो मंतरी, भाषा ती बहासा, पुत्र तो पुतेरा. तुम्ही गेलात तर पाट्या वाचत फिरा. एक पाटी रोमन लिपीत असते आणि तिच्यासोबत जावी, म्हणजे अरबी वळणाच्या लिपीतलं मलय.

सिंगापूरहून विमानाला दोन तास लागतात. २०२४ च्या नोव्हेंबरपासून चेन्नईहूनही थेट विमान सुरू झालं आहे. रॉयल ब्रुनेईच्या विमानात उड्डाणाआधी प्रवासाची दुआ लावतात आणि दारू मिळत नाही. आमचे दोघींचे पासपोर्ट भारतीय, त्यामुळे व्हिसा आधी काढला होता. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: मधेच मलेशियाच्या मिरीला किंवा लिंबांगला जाऊन परत यायचा विचार असेल, तर व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा हवा. निघण्याआधीचा आगमनाचा ऑनलाइन फॉर्मही विसरू नका.

आमची मोठी चूक म्हणजे आम्ही शुक्रवारी सकाळी उतरलो. शुक्रवारी बारा ते दोन या वेळात जुम्म्याच्या नमाजासाठी अख्खा देश बंद असतो. दुकानं, खानावळी, मॉलसुद्धा. हे मी वाचलं होतं, पण 'अख्खा' म्हणजे खरंच अख्खा, हे रस्त्यावर उभं राहिल्यावर कळलं. एका बंद शटरसमोर पायरीवर बसून आईने पिशवीतून भडंग काढलं. कोल्हापूरहून सिंगापूर, सिंगापूरहून बोर्निओ, असा प्रवास केलेलं ते भडंग आम्ही राजधानीच्या मुख्य रस्त्यावर खाल्लं आणि समोरून एकही माणूस गेला नाही. सरकारी कचेऱ्यांना शुक्रवार आणि रविवार सुट्टी असते, शनिवारी काम चालतं. रमजानमध्ये जाणार असाल तर दिवसा चारचौघांत खाणं-पिणं कायद्याने मना आहे. खानावळी त्या दिवसांत फक्त बांधून देतात.

आता जरा नकाशा. बोर्निओ बेटावरच्या या देशाचं क्षेत्रफळ ५,७६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या कोल्हापूर जिल्ह्याहून लहान. लोकसंख्या साडेचार लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या कोल्हापूर शहराहून कमी. आणि एवढासा देशही सलग नाही. मधे लिंबांगचं खोरं घुसलंय, ते मलेशियाच्या सारावाक राज्यात आहे. सारावाकवर एकोणिसाव्या शतकात ब्रूक घराण्याचे गोरे राजे राज्य करत होते. १८८८ मध्ये ब्रुनेई इंग्रजांच्या संरक्षणाखाली गेलं आणि त्यानंतर दोनच वर्षांत, १८९० मध्ये, चार्ल्स ब्रूकने लिंबांग गिळलं. एकेकाळी बोर्निओच्या किनाऱ्यावर दूरवर सत्ता असलेल्या सल्तनतीचे शेवटी असे दोन तुकडे उरले. पश्चिमेकडे ब्रुनेई-मुआरा, तुतोंग आणि बेलाइत हे तीन जिल्हे, पूर्वेकडे एकटा तेंबुरोंग.

पहिल्या संध्याकाळी आम्ही कांपोंग आयर बघायला गेलो आणि मग रोजच जात राहिलो. नदीत खांबांवर उभं असलेलं हे गाव. १५२१ मध्ये मॅगेलानच्या उरलेल्या जहाजांबरोबर आलेल्या अंतोनियो पिगाफेत्ताने पाण्यावरच्या या शहराचं वर्णन लिहून ठेवलंय. धक्क्यावर उभं राहिलं की नाववाले स्वतःच हात करतात. पलीकडे जायला माणशी एक ब्रुनेई डॉलर, तेव्हाच्या भावाने साधारण ६५ रुपये. तासाभराच्या फेरीचा भाव मात्र बसण्याआधी ठरवून घ्या. संस्कृती दालन बघायला पैसे पडत नाहीत आणि तिथल्या मनोऱ्यावरून सगळं गाव दिसतं.

पण खरी मजा लाकडी पायवाटांवर चालण्यात आहे. काही फळ्या निखळलेल्या असतात, म्हणून खाली बघत चाला आणि सपाट चपला घाला. शाळा, मशीद, अग्निशमन केंद्र, नावांसाठीचा पेट्रोल पंप, सगळं पाण्यावर. कुंड्यांमध्ये मिरच्या आणि गवती चहा. एका बाईने आईला ओट्यावर बसवून घेतलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी अर्धा तास बोलल्या. पुढच्या पिढीला किनाऱ्यावर राहायचंय, हे मात्र दिसतं. सरकार जमिनीवर घरं देतं, २०१७ मध्ये नदीवर मोठा पूल झाला, आणि गाव ओसरत चाललंय. संध्याकाळी जोरात नावा हाकणारी पोरं किनाऱ्यावर लावलेल्या आपापल्या गाड्यांकडेच जात होती.

नदीतूनच पुढे खारफुटीत शिरलं की लांबनाकी माकडं दिसतात. ती जगात फक्त बोर्निओत आहेत. मलय लोक त्यांना 'मोन्येत बलांदा' म्हणतात, म्हणजे डच माकड. गोऱ्या साहेबाचं नाक आणि पोट बघून ठेवलेलं नाव. उन्हं उतरल्यावर जा, दुपारी काही दिसत नाही.

मशिदींबद्दल थोडक्यात. उमर अली सैफुद्दीन मशीद १९५८ ची, सोन्याचा घुमट, भोवती तळं आणि तळ्यात दगडी नाव. दुसरी, जामे अस्र हसनल बोल्किया, २९ सोनेरी घुमटांची, कारण आताचे सुलतान २९ वे. दोन्हीकडे बिगर मुस्लिमांना ठरावीक वेळीच सोडतात. गुरुवारी-शुक्रवारी जायचं असेल तर आधी चौकशी करा. अंगावर घालायला लांब झगा दाराशी मिळतो. झग्यात आई फारच रुबाबदार दिसत होती, तसं तिला सांगितलं तर म्हणाली, "गरम होतंय, फोटो काढ पटकन." इस्ताना नुरुल इमान, म्हणजे सुलतानांचा १,७८८ खोल्यांचा राजवाडा, बाहेरून झाडीमागे जेमतेम दिसतो. आत जायचं तर ईदला जा. ईदच्या दुसऱ्या दिवसापासून तो तीन दिवस सगळ्यांसाठी खुला असतो, लोक रांगा लावतात आणि सगळ्यांना जेवू घालतात.

फिरण्याबद्दल आता कडू बोलते. इथे पायी चालणारा माणूस कोणाच्या हिशेबातच नाही. पेट्रोल ५३ सेंट लिटर, घरटी दोन-तीन गाड्या, पदपथ मधेच झाडीत संपतात. बसचं तिकीट एक डॉलर, पण संध्याकाळी सहानंतर बस मिळेल या आशेवर राहू नका. आम्ही राहिलो आणि पाऊण तास डास मारले. ग्रॅब इथे चालत नाही, 'डार्ट' हे स्थानिक अॅप आहे, ते उतरल्याबरोबर टाकून घ्या. दोनपेक्षा जास्त दिवस राहणार असाल तर सरळ गाडी भाड्याने घ्या. वाहतूक आपल्यासारखी डावीकडून चालते. लोक हॉर्न वाजवत नाहीत, त्यामुळे आपल्यालाच सुनंसुनं वाटतं.

तिसऱ्या दिवशी गाडी काढून सेरियाला गेलो. राजधानीहून अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. बहुतेक पर्यटक हा रस्ता टाळतात, कारण तिथे 'बघण्यासारखं' काही नाही. मला विचाराल तर बाकी काही बघितलं नाही तरी चालेल, पण हा रस्ता बघा. तुतोंग मागे पडलं की लुमुतला नैसर्गिक वायू द्रवरूप करण्याचा कारखाना येतो. तो १९७० च्या दशकापासून जपानला वायू पाठवतोय. आणि मग सेरिया. १९२९ मध्ये इथे तेल लागलं. घरांच्या मधे, गवतात, समुद्राच्या कडेला तेल उपसणारे पंप मान वरखाली करत उभे आहेत. कुंपणावर पाटी: 'बहाया'. आई म्हणाली, "भय्या?" मी म्हटलं, भय. धोका. १९९१ मध्ये इथल्या किनाऱ्यावरच्या क्षेत्रातून अब्जावं पिंप निघालं, त्याचं स्मारक समुद्रकाठी आहे. आम्ही गेलो तेव्हा तिथे आम्ही दोघी आणि एक कुत्रं.

सेरियातच ब्रिटिश सैन्याची गुरखा पलटण असते. बाजारात नेपाळी ऐकू आली आणि आईचा चेहरा उजळला, कारण तिच्या हिंदीला अखेर कोणीतरी मिळालं. गुरखे तिथे का आहेत, यात या देशाचं राजकारण आलं. १९६२ मध्ये निवडणूक झाली आणि पार्ती रक्यात ब्रुनेई या पक्षाने जवळजवळ सगळ्या जागा जिंकल्या. डिसेंबरात त्या पक्षाच्या बाजूने उठाव झाला, तो मोडायला सिंगापूरहून गुरखे आले. तेव्हा लागू झालेली आणीबाणी दर दोन वर्षांनी वाढवत आजही चालू आहे. स्वातंत्र्य १ जानेवारी १९८४ ला मिळालं. हसनल बोल्किया १९६७ पासून गादीवर आहेत. जगातल्या हयात राजांमध्ये इतका काळ दुसऱ्या कोणी राज्य केलेलं नाही. पंतप्रधान तेच, संरक्षण, अर्थ आणि परराष्ट्र खातीही त्यांच्याकडेच. विधान परिषद आहे, पण ती लोकांनी निवडून दिलेली नाही.

परतीच्या दिवशी टॅक्सीवाल्या काकांनी हौसेने सांगितलं: प्राप्तिकर नाही, शाळा फुकट, दवाखान्यात एक डॉलर, घराला सरकारी मदत. पण हे सगळं पिवळं ओळखपत्र असलेल्या नागरिकांना. पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कित्येक चिनी कुटुंबांकडे अजूनही नागरिकत्व नाही, आणि बांधकामावर दिसतात ते बांगलादेशी, इंडोनेशियन, आपले तमिळ. आईने मला विचारलं, "मग ह्या लोकांनी मागायचं तरी काय?" मी ते इंग्रजीत करून सांगितलं. काका हसले आणि म्हणाले, आज पाऊस येणार.

यावरून सूचना: राजघराण्याबद्दल अनोळखी माणसाशी टीकेचं बोलू नका, गमतीतही नाही. प्रत्येक दुकानात सुलतानांची तसबीर असते, तिच्याखाली उभं राहून तर नकोच. शरियावर आधारलेली दंडसंहिता २०१९ मध्ये पूर्ण लागू झाली. फाशीच्या शिक्षेला स्थगिती जाहीर झाली असली तरी कायदा तसाच आहे, आणि समलिंगी जोडप्यांनी हे नीट समजून मगच जायचं ठरवावं. दारूची विक्री बंद आहे. बिगर मुस्लिम पर्यटक ठरावीक प्रमाणात आणू शकतो, पण कस्टममध्ये लिहून द्यावं लागतं आणि खोलीतच प्यावी लागते. सार्वजनिक जागी सिगारेट ओढली तर दंड.

खाण्याचं मात्र बरं चाललं. गाडोंगच्या रात्रबाजारात एक डॉलरला नासी कातोक मिळतो: भात, तळलेली कोंबडी, सांबाल ही मिरचीची झणझणीत चटणी. कातोक म्हणजे दार ठोठावणं. रात्री-अपरात्री दार ठोठावून घ्यायचा भात. आई शाकाहारी, तिला तमिळ मुस्लिमांच्या खानावळीत रोटी कोसोंग, म्हणजे साधा पराठा, आणि डाळ मिळाली, शिवाय केळ्याची भजी. कोळंबीचा खारवलेला मसाला भाजीतही असतो, म्हणून 'तान्पा ब्लाचान', म्हणजे तो मसाला न घालता, हे दोन शब्द पाठ करा. आणि अंबुयात चाखाच. सागू ताडाच्या खोडातलं पीठ उकळत्या पाण्यात घोटून केलेला पारदर्शक चिकट गोळा, तो बांबूच्या दुहेरी काडीवर गुंडाळून आंबट-तिखट चटणीत बुडवायचा आणि न चावता गिळायचा. आपला साबुदाणा येतो सेलमच्या टॅपिओकातून, पण नाव या सागूचंच. आईने एक घास गिळला, डोळे मिटले, आणि निकाल दिला: "दाण्याचं कूट नाही घातलं ह्यांनी."

चौथा दिवस तेंबुरोंगचा. पूर्वी तिकडे रस्त्याने जायचं तर लिंबांग ओलांडून जावं लागे, जाऊन-येऊन पासपोर्टवर आठ शिक्के. मार्च २०२० मध्ये ब्रुनेईच्या आखातावरून तीस किलोमीटरचा पूल खुला झाला आणि आता शिक्का एकही नाही, टोलही नाही. उलू तेंबुरोंगच्या जंगलात लांबट होडीने जातात आणि झाडांच्या शेंड्यांवरच्या पुलावर चढतात. त्याला हजारभर पायऱ्या आहेत, आईचे गुडघे बघता आम्ही नदीकाठच्या बातांग दुरीपर्यंतच गेलो. तुम्ही जाणार असाल तर शेंड्यांवरचा हा पूल चालू आहे का, हे टूरवाल्याला पैसे देण्याआधी विचारा. छत्री नव्हे, रेनकोट न्या. पाऊस बारा महिने असतो, ऑक्टोबर ते जानेवारी जास्तच.

ब्रुनेईचा आणि सिंगापूरचा डॉलर १९६७ पासून बरोबरीत आहे, म्हणून सिंगापूरहून जाताना पैसे बदलायची गरज नाही. उरलेल्या नोटा भारतात नेऊ नका, सिंगापुरात संपवा. आमच्याकडे शेवटी एक पाचाची उरली होती. सिंगापुरातल्या माझ्या घराखालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, दोन चहा सांगितले, काउंटरवरच्या मावशींनी नोट उलटून सुलतानांचा चेहरा पाहिला, गल्ल्यात टाकली आणि सुटे सिंगापूरचे दिले.